नॅनोचं छप्पर कापून उघडी गाडी होते का?

देवळी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "काकांची २०११ ची नॅनो घरी उभी आहे. दोन वर्षांपासून चालवली नाही. मोबाइलवर परदेशातली ती 'स्मार्ट' नावाची, दोन सीटची, कापडी छपराची गाडी पाहिली आणि मनात भरली. एक गॅरेजवाला म्हणतो की नॅनोचं छप्पर कापून, कडेनं पाईप लावून, वरून हूड शिवून तशीच गाडी करून देतो, पंचवीस हजारांत. सकाळी वावरात जायला होईल, लग्नसराईत वरातीला भाड्यानंही देता येईल. करू का?"

भाऊ, आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. कापू नका. आर्वीला माझं गॅरेज आहे, त्याच्याआधी मी जीपचे हूड शिवायचो. कापड आणि पत्रा या दोन्ही कामांत मिळून तीस वर्षं गेली. छप्पर कापायची चूक मी स्वतः एकदा केली आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबवतो, कारण नुसतं नाही म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या गॅरेजला जाल.

घरात तेलाचा रिकामा पिपा असेल, पंधरा किलोचा. झाकणासकट बंद पिपा दोन्ही हातांनी धरून पिळून पाहा. तो हलणारही नाही. आता त्याचा वरचा पत्रा पूर्ण कापून काढा आणि पुन्हा पिळा. कोपरे लगेच मागेपुढे व्हायला लागतील. पत्रा तोच आहे, जाडीही तीच आहे, फक्त बंद पेटीची उघडी पेटी झाली. तुमच्या नॅनोचं बरोबर असंच आहे. आजच्या बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांना खाली वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालची पोकळ पेटी, जिला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, दारांमधले खांब आणि वरचं छप्पर, हे सगळं वेल्डिंगने जोडून एकच डबा बनतो आणि तो डबाच गाडीचा सांगाडा असतो. छप्पर ऊन-पावसासाठी आहे असं वाटतं, पण ते त्या डब्याची चौथी भिंत असते. गाडी रस्त्यावर पिळली जाते तेव्हा बराचसा जोर तेच खात असतं.

जीपचं वेगळं आहे, आणि तुमच्या गॅरेजवाल्याचा घोळ इथेच झाला असावा. जुन्या जीपला खाली दोन लांब पोलादी दांड्यांची, मध्ये आडव्या पट्ट्या असलेली चेसिस असते. इंजिन, एक्सल, स्प्रिंगपाटे, सगळं तिच्यावर बसतं. वरची बॉडी नुसती बोल्टने धरलेली. हूड काढा, काच पुढे पाडा, दारं उतरवून ठेवा, जीपला काही फरक पडत नाही. आपल्याकडच्या छकड्यासारखं ते काम आहे. छकड्यावर तट्ट्या टाका नाहीतर काढा, जोर साटीवर आणि आसावर असतो. जीप पाहत पाहत वाढलेल्या माणसाला वाटतं की छप्पर म्हणजे टोपी, काढली की झालं. मलाही तसंच वाटायचं.

१९९६ ची गोष्ट. एका कापूस व्यापाऱ्याच्या घरची एक जुनी छोटी मोटार माझ्याकडे आली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. मालकाला मुलाच्या लग्नात उघड्या गाडीतून वरात काढायची होती. मी हेक्सा आणि छन्नी घेऊन एका दिवसात छप्पर उतरवलं. गाडी तेव्हा चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर उभी होती, म्हणून सगळं सरळ दिसलं. कडेनं सव्वा इंची पाईप वाकवून वेल्ड केले, पांढरं रेक्झिन शिवलं, झालर लावली. गाडी घोड्यांवरून खाली उतरवली आणि पोरगा दार लावायला गेला. "मिस्त्री, दार लागूनच नाही राह्यलं," तो म्हणाला. मी पाहिलं तर दार वरच्या बाजूनं खांबाला घासत होतं आणि खाली बोटभर फट दिसत होती. गाडी मधोमध बसली होती. चाकं आपल्या जागी होती, पण दोन्ही चाकांमधला उंबरठा खाली झुकला होता. मी कुलपाची खुंटी घासली, बिजागरीत वॉशर घातले आणि दार कसंबसं लावलं.

वरात झाली. चौथ्या दिवशी मालक ती गाडी घेऊन शेतावर निघाला. नाल्यावरच्या रपट्यावर डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि समोरची काच खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तडकली. दगड लागला नव्हता, कशाला धडक नव्हती. गाडी पिळली आणि काचेला तो पीळ सोसवला नाही, एवढंच झालं. काचेचे पैसे मी दिले. मग रनिंग बोर्डात आतून अँगल भरले, तळाला पट्ट्या मारल्या, तरी ती गाडी पुन्हा सरळ झाली नाही. दारं पावसाळ्यात वेगळी लागायची, उन्हाळ्यात वेगळी. त्या गाडीत मागे लहान पोरं बसायची. रपट्याऐवजी समोरून ट्रक आला असता तर, हा विचार आजही येतो.

आता स्मार्टकडे येऊ, कारण तुम्ही म्हणाल की मग तिचं कसं जमतं. ती गाडी मुळातच तशी घडवली आहे. स्वॉच घड्याळांचे निकोलस हायेक यांच्या डोक्यातली ती कल्पना, शहरात दोन माणसं आणि एक पिशवी नेणारी मोटार. १९९४ मध्ये त्यांनी मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेन्झबरोबर कंपनी काढली, फ्रान्समध्ये आंबाखला कारखाना उभा राहिला आणि १९९८ मध्ये गाडी बाजारात आली. लांबी अडीच मीटर, म्हणजे आपल्या बैलबंडीहूनही आखूड. इंजिन मागे, ५९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो लावलेलं. बाहेरची दारं-मडगार्ड प्लॅस्टिकची, पण त्यांच्या आत एक जाड पोलादी कवच आहे. त्याला ते ट्रिडिऑन म्हणतात. फोटोत पाहा, दाराच्या मागून वर जाणारी वेगळ्या रंगाची कमान दिसते. तेच ते. गाडीचं हाड तिथे आहे.

२००० मध्ये तिची कापडी छपराची गाडी आली. ती दोन टप्प्यांत उघडते. बटण दाबलं की वरचं कापड मागे सरकतं, मग मागची काच असलेला भागही खाली दुमडतो. दारांवरच्या दोन आडव्या दांड्या हाताने काढून मागच्या झाकणात ठेवायची सोय आहे. हे सगळं उघडल्यावरही ती मागची कमान जागेवर उभीच राहते. गाडी उलटली तर डोक्यावर तीच येते. २०१५ मध्ये दाखवलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीत हे छप्पर १२ सेकंदांत उघडायचं, तेही चालत्या गाडीत. पण मला त्या बारा सेकंदांपेक्षा तळ पाहण्यासारखा वाटतो. कापडी गाडीसाठी त्यांनी तळाखाली पुढे आणि मागे फुलीच्या आकारात पोलादी पट्ट्या वेगळ्या घातल्या. छपराने जो पीळ खाल्ला असता तो खायला ही फुली. तुमच्या खाटेचा पाया हलायला लागला की आपण खाली कोपऱ्या-कोपऱ्याला तिरपी पट्टी ठोकतो ना, तेच तत्त्व.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी गॅरेजवाले विसरतात. पहिल्या स्मार्टच्या पुढच्या आणि मागच्या आसात अंतर फक्त १.८१ मीटर आहे. नॅनोत ते २.२३ मीटर आहे. फरक हातभराचाही नाही वाटत, पण दोन दगडांवर ठेवलेली बल्ली आठवा. मधोमध तेच वजन ठेवलं तर सव्वापट लांब बल्ली सव्वापट वाकत नाही, जवळजवळ दुप्पट वाकते. त्यात स्मार्टला दोनच दारं, नॅनोला चार. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन मोठी भोकं आणि मध्ये एक बारीक खांब, जो वर छपराला धरून उभा आहे. छप्पर गेलं की तो खांब नुसता उभा खुंटा राहतो. आणि दोन्ही गाड्यांत इंजिन मागे आहे. ते वजन मागून खाली ओढतं, पुढे माणसं बसतात, मधला उंबरठा सगळं सोसतो.

नॅनोबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे सांगितलंच पाहिजे. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत ती दाखवली तेव्हा आमच्या गॅरेजात सगळे कामं सोडून टीव्हीपाशी उभे होते. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, ३.१ मीटर लांबी, वजन साधारण सहाशे किलो. एवढ्या हलक्या डब्यात चार माणसं बसवायची तर एकही पत्रा रिकामा ठेवून चालत नाही, प्रत्येकाला काम द्यावं लागतं. सुरुवातीच्या नॅनोला मागचं दार उघडतच नव्हतं, तुमच्या २०११ च्या गाडीलाही नसेल. उघडणारं दार २०१५ च्या जेनएक्स नावाच्या नॅनोत आलं. जिथे भोक पाडायचं तिथे आजूबाजूला बळ भरावं लागतं आणि बळ म्हणजे वजन आणि पैसा. जिथे एक दार उघडायला कंपनीला इतकी वर्षं लागली, तिथे आपण हेक्सा घेऊन अख्खं छप्पर उतरवायचं?

तुम्ही म्हणाल, सगळं नको, मधलंच कापू, कडा ठेवू. हा विचार वाईट नाही. इटलीत फियाटने १९५७ मध्ये हेच केलं. दान्ते जाकोझा या इंजिनिअरने आखलेली ती छोटी ५०० गाडी, ४७९ सीसी, इंजिन मागे. तिचं छप्पर म्हणजे दोन्ही कडांच्या पत्र्यामध्ये ताणलेलं कापड, चटईसारखं मागे गुंडाळायचं. कडा जागेवर असल्यामुळे डबा शाबूत राहिला. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, फ्रान्समध्ये सित्रोएनने शेतकऱ्यासाठी २सीव्ही आणली. तिच्याकडून कंपनीच्या अपेक्षा काय होत्या, तर दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे बसले पाहिजेत आणि नांगरलेल्या वावरातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नये. तिलाही कापडी छप्पर, पण खाली वेगळी सपाट चेसिस, म्हणजे जीपवाला मार्ग. मला ती गाडी फार आवडते. आपल्या पांदण रस्त्यांचा विचार करून कोणी गाडी आखली तर ती अशीच असेल. पण या दोन्ही गाड्या कागदावर आधी उघड्या होत्या, मग पत्रा कापला गेला. तुमची नॅनो कागदावर बंद आहे. तिच्या छपराला आतून आडव्या कमानी चिकटवलेल्या आहेत, मधला पत्रा काढताना त्याच आधी तुटतात.

आता समजा एखाद्या देवमाणसाने तळाला फुली घालून, कमान उभी करून सगळं नीट केलं. तरी दोन अडचणी उरतात, कायद्याची आणि आपल्या हवेची.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलं. तुमच्या बाबतीत हे कागदावरचं राहत नाही, कारण २०११ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात. पुन्हा पासिंगला आरटीओत न्यावीच लागेल. निरीक्षक आरसीवरची बॉडी आणि समोरची बॉडी पाहतो. छप्पर नाही म्हटल्यावर ती गाडी तिथेच थांबली. विम्याचंही तसंच, अपघात झाला की सर्वेअर पहिला प्रश्न हाच विचारेल. आणि पांढऱ्या पाटीची गाडी वरातीला भाड्याने देणं हा वेगळाच गुन्हा. नवरदेव बसलेला असताना पोलिसांनी थांबवली तर काय करणार?

हवेचं मला जास्त सांगायचं आहे, कारण हूड हा माझा खरा धंदा. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काळं कापड असेल तर त्याच्या खाली बसवत नाही आणि उघडलं तर डोक्यावर ऊन. उघड्या गाडीची खरी मजा आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत, तीही सकाळी आणि दिवस मावळल्यावर. त्यातही फेब्रुवारी-मार्चात गारपीट येते. गारा पत्र्याला पोचे पाडतात, जुन्या कापडाला भोकं पाडतात.

शिलाईला जो दोरा वापरतात तो पहिले मरतो. साधा नायलॉनचा दोरा आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कुजतो, कापड शाबूत असतं आणि शिवण हाताने ओढली की उसवते. म्हणून मी पॉलिस्टरचा जाड दोरा वापरतो. सुती कॅनव्हास भिजला की आवळतो, म्हणून जीपचा हूड शिवताना प्रत्येक बाजूला दोन बोटं ढील ठेवतो, नाहीतर पहिल्या पावसात पितळी रिंगा कापडातून उपटतात. भिजल्यावर त्याचे धागे फुगून सुईची भोकं बुजतात, म्हणून जुना कॅनव्हास गळत नाही. रेक्झिनचं उलट, त्याची सुईची भोकं कायमची उघडी राहतात.

आणि वानरं. शहरातल्या माणसाला हे सांगून पटत नाही. आमच्याकडे एक हूड आला होता, नवा कोरा, आठ दिवसांपूर्वीच शिवलेला. टिनावरून उडी मारून अख्खी टोळी त्याच्यावर उतरायची, कारण तो झोळीसारखा झुलायचा. मधोमध हातभर फाटला. पत्र्याच्या छपरावर वानर उडी मारतं आणि निघून जातं, कापडावर ते परत परत येतं. मी त्याला जोड दिला आणि मालकाला सांगितलं की गाडी निंबाखाली उभी करू नको. त्याने तुराट्यांचा मांडव घातला तेव्हा कुठे थांबलं. त्यात उंदरांची भर. सोयाबीन आणि तूर घरात भरली की ते दुमडून ठेवलेल्या कापडाच्या घडीत घर करतात.

खरी स्मार्ट विकत घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. भारतात कंपनीने ती विकली नाही. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं, असा नियम आहे. त्या दोन सीटच्या स्मार्टचं, म्हणजे फोरटूचं, उत्पादन मार्च २०२४ मध्ये बंद झालं. जकात भरून आणलीच तरी तिचा एक रबरी पाईप फुटला तर वर्धेत मिळणार नाही, नागपुरातही नाही. शिवाय ती घडवली आहे शहरासाठी, आडवी पार्किंग करायला आणि सिग्नलवर चटकन वळायला. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ती पहिल्याच चाकोरीत पोटावर बसेल.

मग काय करायचं ते सांगतो. नॅनो जशी आहे तशी दुरुस्त करा. दोन वर्षं उभी आहे, तर चावी लावून स्टार्ट मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, बॅटरी तपासा, वायरिंगचे गुच्छ हाताने चाचपा, उंदरांनी कुरतडलेलं बोटाला लगेच कळतं. चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा, एखादं जाम असेल तर ब्रेकचा सिलिंडर धरला आहे. टायरवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २०११ चेच टायर असतील तर कितीही खोल नक्षी असो, बदला.

आणि सगळ्यात आधी रनिंग बोर्ड पाहा. गाडीखाली झोपून एक जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याच्या मुठीने पेटीवर ठोकत पुढून मागे जा. टणक आवाज आला तर ठीक. जिथे बद्द वाजेल तिथे टोक दाबा, आत गेलं तर गंज आहे. आपली काळी माती चिकटली की आठवडे ओली राहते, आणि पेटीच्या तळाला पाणी निघायला जी बारीक भोकं असतात ती हीच माती बुजवते. तारेने ती मोकळी करा, मग पाण्याच्या जोराने धुवा. दारांच्या खालची भोकंही तशीच. त्या पंचवीस हजारांतले थोडे इथे घातले तरी गाडी पासिंगला उभी राहील.

गरमीसाठी छपराच्या आतलं कापड उतरवून मागे फोमची शीट चिकटवून देतो, फरक पडतो. सकाळच्या हवेसाठी चारही काचा खाली करा, एवढ्या छोट्या गाडीत वारा पोटापर्यंत येतो.

वरातीचं म्हणाल तर चेसिसवाली, मूळचीच हूडची असलेली जीप पाहा. आरसीवर बॉडी सॉफ्ट टॉप लिहिलेली आहे का ते घेण्याआधी वाचा, आणि भाड्याने द्यायची तर परवाना काढून पिवळ्या पाटीवर घ्या. हूड मी शिवून देईन. पांढरा कॅनव्हास, पॉलिस्टरचा दोरा, चामड्याचे पट्टे आणि बक्कल. मापं जीपवरच घ्यावी लागतात, फोटोवरून नाही, म्हणून गाडी घेऊन या. नॅनोच्या रनिंग बोर्डाचं काय निघालं तेही येताना सांगा.